कविता शिकायची तर घरोटापासून

गेल्या रविवारी वाचनालयात एका पोराने वही पुढे केली आणि म्हणाला, "सर, माले लिखता येस, पन मोजता येत नही." पोरगा पारोळ्याकडचा, घरी कापूस. वहीत सगळ्या कविता मुक्तछंदात, म्हणजे अक्षरं-मात्रा न मोजता लिहिलेल्या. मुक्तछंदच का, असं विचारलं तर म्हणाला, दुसरं काही येत नाही म्हणून.

हे उत्तर मला लागलं. चूक त्याची नाही. आम्हालाही शाळेत अलंकार असेच शिकवले: व्याख्या पाठ, एक ठरलेलं उदाहरण, मार्क मिळाले, विषय संपला. वृत्त तर ऑप्शनला टाका म्हणूनच सांगितलं होतं. नवशिक्याच्या हातात आधी व्याख्या देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. आधी कान, मग हात, व्याख्या सगळ्यात शेवटी.

आमच्याकडे जात्याला घरोट म्हणतात. आजी पहाटे दळायला बसली की ओवीची ओळ त्या फेऱ्यावर बसायची. शब्द कमी पडला तर स्वर लांबवून, नाहीतर मध्ये 'गं माय' घालून ती फेरा भरून काढायची. म्हणून बायकांच्या ओवीत अक्षरं कमी-जास्त चालतात, ती गाण्यात पुरी होते. ग्रंथातली ओवी साडेतीन चरणांची. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड. असोद्याच्या बहिणाबाईंना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या कविता पुस्तकरूपाने आल्या १९५२ साली, त्या गेल्यावर. त्यांना लघु-गुरू कुणी शिकवले होते? लय घरोटात होती, शेतकामात होती.

त्या पोराला मी आधी अभंग मोजायला लावला. मोठ्या अभंगाचे चार चरण, अक्षरं सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला यमक. फळ्यावर तिथल्या तिथे जुळवलं:

तापीच्या काठाशी । केळीची सावली । माय विसावली । क्षणभर ॥

बोटांवर मोजून बघा. जोडाक्षर एकच धरायचं. शेवटचा चरण आखूड आहे म्हणून 'क्षणभर'पाशी श्वास थांबतो, आणि माय खरंच क्षणभरच बसली हे वेगळं सांगावं लागत नाही. रूप म्हणतात ते हेच. चौथ्या चरणात सहा अक्षरं भरली असती तर ती विश्रांती हरवली असती.

मग लघु-गुरू. ऱ्हस्व अक्षर लघु, त्याची एक मात्रा; दीर्घ ते गुरू, त्याच्या दोन. पुढच्या जोडाक्षराचा आघात आला की ऱ्हस्वही गुरू होतं. 'निघाली पहाटे शिवारात आई' ही ओळ टाळ्या देऊन म्हणा: एक हलकी, दोन जोरात, असं चार वेळा. बारा अक्षरं झाली. हे भुजंगप्रयात, मनाच्या श्लोकांचं वृत्त. ज्याच्या घरी संध्याकाळी ते श्लोक म्हटले गेले, त्याच्या कानात हे वृत्त आधीच मुरलेलं असतं. फक्त नाव माहीत नसतं.

अलंकारांसाठी पोरांना कापसाच्या शेतावर न्यावं. 'फुटलेलं बोंड चांदणीसारखं दिसतं' ही उपमा: बोंड उपमेय (ज्याची तुलना करायची ते), चांदणी उपमान (ज्याच्याशी करायची ते), 'सारखं' हा जोडणारा शब्द. 'शेतात जणू चांदणंच सांडलंय' म्हटलं की उत्प्रेक्षा झाली. जणू काढा, 'कापसाचं चांदणं' म्हणा, रूपक. आणि 'हा कापूस नव्हेच, चांदणं आहे' असं म्हणत मूळ वस्तूच नाकारली की अपन्हुती. शेत एकच, पण बोलणाऱ्याची खात्री पायरीपायरीने वाढत जाते. ही पायरी कळली की नावं आपोआप लक्षात राहतात. मे महिन्यात 'अंगणात भाकर भाजली जाईल' असं म्हणत जळगाव जिल्हा अख्खा अतिशयोक्तीत बोलत असतो. धरणगावच्या बालकवींच्या 'औदुंबर' कवितेतलं झाड माणसासारखं पाण्यात पाय टाकून बसतं, ती चेतनगुणोक्ती. आणि ती कविता अवघी आठ ओळींची आहे, हेही नव्या कवींनी ध्यानात घ्यावं.

सुनीत चौदा ओळींचं, केशवसुतांनी मराठीत आणलेलं. ते जरा पुढे शिकलं तरी चालेल. गझल मात्र सगळ्यांना पहिल्याच दिवशी हवी असते. 'रानात आलो पुन्हा, मातीत न्हालो पुन्हा' यात शेवटी तसाच परत येणारा 'पुन्हा' हा रदीफ, त्याच्या आधीचं आलो-न्हालो हे यमक म्हणजे काफिया. गझलेतल्या दोन ओळींच्या जोडीला शेर म्हणतात, पहिल्या शेराला मतला. मतल्याच्या दोन्ही ओळींत ते दोन्ही येतात, पुढे प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीत. शिवाय प्रत्येक शेर एकटा उभा राहायला हवा. तिथे बहुतेकजण अडतात, आणि अडू द्यावं.

मुक्तछंदाला माझा विरोध नाही. पण ओळ कुठे मोडायची हे ज्याने कधी मोजलंय त्यालाच नीट कळतं, असं मला मनापासून वाटतं. आणि अहिराणीत सुचलं तर अहिराणीतच लिहा. प्रमाण मराठीत ओढून आणताना अक्षरं बदलतात, त्यांच्याबरोबर लयही जाते. त्या पोराच्या वहीत एकही ओळ अहिराणी नव्हती, आणि बोलतो मात्र किती गोड!

येत्या रविवारी ओवी घेणार आहे. जळगाव परिसरात कुणाच्या घरी अजून फिरणारं घरोट असेल तर कृपया कळवा. आम्ही दहा-बाराजण येऊ, सोबत ज्वारी आणू आणि दळूनच जाऊ.