दिवेआगर ते गुहागर दोन दिवस का? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया सकाळी वाचली, दुपारी परत वाचली. रागाच्या भरात काही लिहायचं नाही म्हणून संध्याकाळपर्यंत थांबलो. जळगाव-धुळ्याकडच्या कुटुंबांसाठी मी कोकण किनाऱ्याच्या सात दिवसांच्या दौऱ्याची जी आखणी दिली होती, तिच्याखाली तुम्ही लिहिलंत: ‘समुद्र न पाहिलेल्या खान्देशी माणसाने कोकण आखलं की असंच होणार. दिवेआगर ते गुहागर नकाशात साडेचार-पाच तास दाखवतो, हे महाशय त्याला दोन दिवस लावतात आणि मध्ये केळशीला मुक्काम टाकतात. घरगुती मुक्कामांचं कौतुक, चांगल्या हॉटेलांचं नाव नाही. वेश्वी तर रायगडात घातलंय.’

वेश्वीचं मान्य. बागमांडला श्रीवर्धन तालुक्यात, म्हणजे रायगडात. खाडीपलीकडची वेश्वी मंडणगड तालुक्यात, रत्नागिरी जिल्ह्यात. लेखात दुरुस्ती केली. चूक दाखवल्याबद्दल आभार.

पण ‘समुद्र न पाहिलेला’ हे काय बोलणं झालं? आमच्या भुसावळवरून जाणारी तापीसुद्धा शेवटी समुद्रालाच मिळते. चौदा वर्षं मी इथल्या लोकांना कोकणचे दौरे आखून देतोय, आणि प्रत्येक हंगामाआधी खाडीपलीकडे गाड्या नेणाऱ्या चारही फेरीबोटींच्या वेळा फोन करून विचारून घेतो. चूक काढा, हक्काने काढा. माणूस कुठल्या जिल्ह्यातला यावरून त्याची आखणी खोटी ठरवू नका. खरं म्हणजे समुद्रापासून लांब राहणाऱ्यालाच नीट आखावं लागतं. दापोलीच्या माणसाची शेवटची बोट चुकली तर तो घरी जाऊन झोपतो. जळगावहून अलिबागच पावणेपाचशे किलोमीटर. तिथून पुढे आलेल्या गाडीत दोन म्हातारी माणसं, दोन पोरं, डिकीभर सामान आणि आगाऊ पैसे भरलेली एकच खोली असते. त्यांची बोट चुकून चालत नाही.

आता तुमचे साडेचार-पाच तास.

दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडला, वेश्वी, केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली, दाभोळ, धोपावे, गुहागर. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. नकाशा ते दाखवतो, त्यात खोटं काही नाही. पण या रस्त्यात दोन खाड्या आहेत. बाणकोटची खाडी म्हणजे सावित्री, दाभोळची खाडी म्हणजे वाशिष्ठी. दोन्ही ठिकाणी गाडी फेरीबोटीवर चढवून पलीकडे न्यावी लागते. पाण्यातला वेळ दहा-पंधरा मिनिटांचा. खोळंबा होतो तो धक्क्यावर. बोटीत गाड्या मोजक्याच मावतात, आणि शनिवार-रविवारी किंवा दिवाळीच्या सुट्टीत तुमच्या डोळ्यांदेखत एक-दोन फेऱ्या भरून निघून जातात. म्हणून मी नेहमी सांगतो, कोकणात किलोमीटर मोजू नका, खाड्या मोजा. एका दिवसात एक खाडी. दुसरी आलीच तर ती सकाळी उरकायची.

खाडी चुकली तर काय, तेही ऐका. बागमांडल्याची बोट गेली तर आंबेत-म्हाप्रळच्या पुलावरून वळसा आहे, तो निभावतो. दाभोळची गेली तर दापोली, खेड, चिपळूण करत गुहागर गाठायचं, म्हणजे शंभराहून जास्त किलोमीटर जादा, तेही घाटवळणांचे आणि अंधारात. गुहागरहून पुढे गणपतीपुळ्याकडे जाताना तवसाळ-जयगडची बोट चुकली तर आबलोलीकडून राई-भातगावच्या पुलावर जाऊन जाकादेवीमार्गे गणपतीपुळे गाठता येतं. हे तीन वळसे कागदावर लिहून गाडीत ठेवा, कारण खाडीच्या तोंडाशी मोबाइलला रेंज असेलच असं नाही.

बोटीवर गाडी चढवणं हाही वेळेचाच भाग आहे. पूर्ण ओहोटीला पाणी खाली जातं, धक्क्याचा उतार लांब होतो आणि त्यावर शेवाळ धरलेलं असतं. बोटीची लोखंडी फळी त्या उतारावर टेकते तिथे खोलगट कोन तयार होतो. पाच माणसं आणि भरलेली डिकी असलेली गाडी मागून बसलेली असते. ती तशीच चढवली की पुढचा बंपर फळीला घासतो, नाहीतर चढून जाताना सायलेन्सर आपटतो. उपाय साधा आहे. चालक सोडून सगळ्यांनी उतरून चालत बोटीत जायचं. गाडी पहिल्या गिअरमध्ये, एका लयीत, मध्ये न थांबता न्यायची. शेवाळावर जोरात ब्रेक दाबला की चाकं घसरतात. खलाशी हात दाखवेल तिथेच उभी करायची, हँडब्रेक ओढायचा आणि गिअरमध्येच ठेवायची. काही वेळा गाडी मागे घेत चढवायला सांगतात. आपल्याकडच्या सरळ रस्त्यावर चालवणाऱ्याला तिथे घाम फुटतो, म्हणून मागे घ्यायचा सराव घरून करून निघा. तिकीट गाडीचं वेगळं, माणसांचं वेगळं. सुटे पैसे हाताशी ठेवा.

मग तुम्ही म्हणाल, खाड्यांचे दोन-तीन तास धरले तरी एका दिवसात होतं. होतं. पण मग हरिहरेश्वर बोटीच्या घाईत उरकायचं का? तिथली प्रदक्षिणेची वाट खडकांवरून, लाटांच्या शेजारून जाते आणि ती फक्त ओहोटीलाच करायची असते. भरतीच्या वेळी तिथे माणसं वाहून गेली आहेत. ओहोटी तुमच्या सोयीने लागत नाही. तिची वेळ काढायला पंचांग पुरतं, कोकणातली जुनी रीत आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. पंचमी असेल तर पावणेचार. भरतीच्या अलीकडे-पलीकडे सव्वासहा तासांवर ओहोटी. म्हणजे पंचमीला दुपारी पावणेचारला भरती आणि सकाळी साडेनऊच्या आसपास ओहोटी. प्रदक्षिणा त्या दिवशी नऊ ते दहाच्या दरम्यान. दिवस पुढे सरकला की वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे जाते. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची, तेव्हा चढउतार कमी. हाच हिशोब गुहागरच्या पुढे हेदवीच्या बामणघळीला उलटा लावायचा. ती भरतीलाच पाहायची, कारण खडकाच्या चिरेत पाणी घुसून उंच उडतं ते तेव्हाच.

वाळूत गाडी घालणाऱ्यांनाही हाच हिशोब उपयोगी आहे, पण त्यांना माझं सांगणं एकच आहे: घालू नका. ओहोटीची ओली वाळू डांबरासारखी घट्ट वाटते. गाडी उभी राहिली की चाकाखाली पाणी सुटतं, चाक फिरवलं की खड्डा होतो, आणि भरती वर यायला लागते. मग ट्रॅक्टर शोधायची वेळ येते.

आता केळशीचा मुक्काम, जो तुम्हाला वायफळ वाटला. घरगुती मुक्काम हॉटेलासारखा चालत नाही. तिथे स्वयंपाक तुमच्या संख्येनुसार होतो आणि ती संख्या दुपारपर्यंत कळवावी लागते. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगायचं. मासे हवे असतील तर यजमान तुमचा आकडा ऐकूनच बाजारात जातो. हर्णैच्या बंदरात संध्याकाळी लिलाव असतो, तिथून ताजं येतं. आपल्याकडची पुष्कळ कुटुंबं शाकाहारी, तेव्हा ‘स्वयंपाक एकाच चुलीवर होतो का’ हे संकोच न करता आधी विचारायचं. शुद्ध शाकाहारी घरं किनाऱ्यावर भरपूर आहेत. रात्री नऊला पोचलात तर ताटात गारढोण आमटी येणार, आणि दोष त्या घराचा नसणार.

पोचायचंही उजेडी. या गावांतले रस्ते पोफळीच्या वाड्यांमधून जातात, दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती, मध्ये एक गाडी जेमतेम. समोरून एसटी आली की मागे तुम्हीच यायचं. अंधारात, पावलापावलाला वळण असलेल्या गल्लीत, गडग्याला आरसा न घासता हे करणं नवख्या माणसाचं काम नाही. फोन करताना म्हणूनच मी चार प्रश्न विचारायला सांगतो: गाडी अंगणात येते का, नाही तर किती लांब लावायची; ‘समुद्राजवळ’ म्हणजे चालत किती मिनिटं; कमोड आहे का, कारण गुडघेदुखीची माणसं बरोबर असतात; वीज गेली तर पंखा चालतो का. निम्मे पैसे आगाऊ, उरलेले रोख, कारण आत खेड्यात ऑनलाइन पैसे अडकतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणाऱ्यांनी तर केळशीऐवजी वेळासला राहावं. वेश्वीवरून जवळ आहे. कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना पाहायला तिथे लोक येतात आणि गावातल्या घरांतच राहतात. पिल्लं सोडतात ती सकाळी आणि संध्याकाळी. साडेचार तासांत गुहागर गाठणाऱ्याला यातली एकही वेळ साधत नाही.

हॉटेलांचं तुम्ही विचारलंत. त्यांची नावं कुठेही मिळतात, त्यासाठी माझ्या लेखाची गरज नाही. तो वाद मला घालायचा नाही.

दौऱ्याला जाणार असाल तर निघायची तारीख इथेच खाली लिहा. त्या दिवशीची तिथी पाहून हरिहरेश्वरला किती वाजता पोचायचं आणि दाभोळला किती वाजेपर्यंत असायला हवं, दोन्ही सांगतो.