पहिले तीन महिने पोटात ‘नुसता गोळा’ असतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

काकू, नमस्कार.

गर्भाच्या वाढीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत. दोन ओळींत आभार मानून मोकळं व्हावं अशी ती प्रतिक्रिया नाही, म्हणून हे उत्तर लांबलं आहे. इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. लेख वाचून तुमच्या सुनेनं, अजून दिवस गेलेले नसतानाच, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू केल्या. त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. पहिले तीन महिने पोटात नुसता गोळा असतो, जीव पाचव्यात धरतो. आम्ही तीन महिने कुणाला सांगत नव्हतो, गोळीचं तोंड पाहिलं नाही, तरी तिन्ही मुलं धडधाकट. तुम्ही शिकलेले लोक पोरींना उगाच घाबरवता. आणि आठव्यातलं मूल जगत नाही हे तर लिहिलंच नाहीत.’

जीव कधी येतो हा श्रद्धेचा प्रश्न आहे, त्यात मी पडत नाही. पाचवा महिना का मानला गेला ते मात्र समजण्यासारखं आहे. पहिलटकरणीला बाळाची हालचाल साधारण १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास कळू लागते. बाळ त्याच्या कितीतरी आधीपासून, दोन महिन्यांच्या आसपासपासूनच हलत असतं आणि सोनोग्राफीत ते दिसतंही. इतकं चिमुकलं असतं की आईला जाणवत नाही, एवढंच.

‘गोळा’ या शब्दाशी मात्र माझं भांडण आहे. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवते आणि हा भाग शिकवताना दरवर्षी मला वाटतं की हे वर्गाबाहेर, प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

आधी हिशेब. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. गर्भ राहतो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे पाळी चुकते तेव्हा कागदावर चार आठवडे झालेले असतात आणि गर्भ असतो जेमतेम दोन आठवड्यांचा, एका चपट्या चकतीसारखा. पुढच्या चार-पाच दिवसांत त्या चकतीच्या पाठीवर एक खोलगट पट्टी तयार होते. तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात आणि करंजीच्या कडा जुळवाव्यात तशा मधोमध जुळतात. जुळणी मानेच्या भागात सुरू होते, मग डोक्याकडे आणि शेपटीकडे सरकत जाते. यातून जी नळी बनते ती मज्जानलिका. मेंदू आणि पाठीतला मज्जारज्जू तिच्यातूनच घडतात. गर्भ २८ दिवसांचा होईपर्यंत तिची दोन्ही टोकं बंद झालेली असतात.

२८ दिवस म्हणजे पाळी चुकून फक्त दोन आठवडे! बऱ्याच बायका तेव्हा ‘या वेळी जरा लांबली वाटतं’ एवढंच म्हणत असतात.

पहिल्या वर्षाच्या मुलांना मी कोंबडीच्या भ्रूणाच्या काचपट्ट्या दाखवते, कारण सुरुवातीचा क्रम पुष्कळसा माणसासारखाच आहे. ३३ तास उबवलेल्या अंड्यातला भ्रूण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की डोक्याच्या बाजूला मेंदूचे फुगवटे उमटायला लागलेले दिसतात, त्याखाली एका बाजूला झुकलेली हृदयाची नळी असते आणि शेपटीकडे त्या दोन कडा अजून उघड्या असतात. मुलं डोळा लावतात आणि गप्प होतात. तुम्हीही एकदा पाहिलंत तर त्याला गोळा म्हणणार नाही. माणसाच्या गर्भात हृदय आकुंचन पावू लागतं तेही तिसरा आठवडा संपताना, पाळी चुकून आठवडा होतो न होतो तोच. गर्भ आठ आठवड्यांचा होईपर्यंत बहुतेक सगळ्या अवयवांची मांडणी झालेली असते, बोटं सुटी झालेली असतात. लांबी असते फार तर तीन सेंटिमीटर.

ही नळी वरच्या टोकाला उघडी राहिली तर मेंदू आणि कवटी नीट घडत नाहीत आणि ते बाळ जगू शकत नाही. खालच्या बाजूला उघडी राहिली तर पाठीच्या कण्यात फट राहते, त्याला स्पायना बायफिडा म्हणतात. अशी मुलं जगतात, पण पायांची ताकद, लघवी-संडासवरचा ताबा, वारंवार शस्त्रक्रिया यांच्याशी कायमचं झगडत. भारतात हजार जन्मांमागे साधारण चार बाळांत हे दोष आढळतात. तुमची तिन्ही मुलं धडधाकट आहेत याचा मला खरंच आनंद आहे, पण हजारातल्या बाकीच्या ९९६ जणींचा अनुभव तुमच्यासारखाच असणार. ज्या चौघींच्या वाट्याला दुसरं काही आलं, त्या चारचौघांत बोलत नाहीत. पूर्वी तर मुळीच बोलत नव्हत्या.

फॉलिक ॲसिड ही औषध कंपन्यांनी काढलेली टूम वाटत असेल तर त्याची गोष्ट मुंबईत सुरू होते, हे आवर्जून सांगते. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गरोदर बायका भयंकर रक्तक्षयानं खंगत होत्या, त्याचं कारण त्यांना शोधायचं होतं. विल्स यांनी त्या बायकांच्या जेवणाकडे पाहिलं आणि हे काहीतरी अन्नातच कमी पडतंय, असा संशय धरला. यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारात मिळणारं साधं स्वस्त मार्माईट, दिल्यावर त्या बऱ्या होऊ लागल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला तो गुणकारी घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला, आणि फॉलिक ॲसिड हे त्याचंच गोळीतलं रूप. परळ-लालबागच्या लोकांनाही ही गोष्ट सहसा माहीत नसते, याचं मला वाईट वाटतं.

बाळाच्या मज्जानलिकेशी त्याचा संबंध पक्का व्हायला आणखी साठ वर्षं गेली. ज्यांना आधी असा दोष असलेलं एक बाळ झालेलं होतं, अशा १,८१७ बायकांवर सात देशांत चाचणी झाली. गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड घेणाऱ्यांत तोच दोष पुन्हा येण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झालं. निकाल इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधी थांबवली. हे १९९१ सालचं. तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवायला गेल्यावर जी गोळी मिळते, ती रक्तासाठी आणि वाढीसाठी हवीच, पण नळी तोवर कधीच मिटलेली किंवा उघडी राहिलेली असते. तुमच्या सुनेनं ‘अजून कशात काही नसताना’ गोळी सुरू केली, हेच बरोबर केलं.

आता घाबरवण्याबद्दल. हा आक्षेप मला सर्वांत जास्त लागला, कारण भीती मलाही नको आहे. ७२ टक्के म्हणजे शंभर टक्के नाही. सगळं वेळेवर करूनही एखाद्या बाळात दोष येतो आणि त्यात आईचा काहीही दोष नसतो. आपल्याकडे मात्र ग्रहण पाळलं नाहीस, विळी हातात घेतलीस, असे बोल त्या बाईलाच ऐकवले जातात. बाळाचा घडण्याचा काळ खरा कोणता हे सगळ्यांना ठाऊक असेल तर निदान असले आरोप थांबतील.

तीन महिने कुणाला न सांगण्याची रीत मोडा असं मी म्हणत नाही. सुरुवातीच्या गर्भपाताची शक्यता असते, आणि त्या दुःखात पन्नास जणांना उत्तरं देत बसायची वेळ येऊ नये, हा त्यामागचा विचार शहाणा आहे. पण शेजारणीला सांगू नका, आशाताईंना किंवा डॉक्टरांना मात्र पहिल्याच आठवड्यात सांगा. फिट्सची काही औषधं, ताब्यात नसलेली रक्तातली साखर, मुरुमांवरच्या काही गोळ्या, या सगळ्यांचा घात याच आठवड्यांत होतो. थॅलिडोमाइड आठवून पाहा. १९५७ ते १९६१ या काळात युरोपात विकलं गेलेलं ते औषध साधारण गर्भाच्या विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसांत घेतलं गेलं तेव्हा हातपाय अपुरे असलेली मुलं जन्मली. फिट्सची गोळी मनानं बंद करणं त्याहून धोक्याचं, म्हणून मूल हवं असं ठरवतानाच डॉक्टरांशी बोलावं.

राहिला आठवा महिना. बाळाची फुप्फुसं उघडी ठेवणारा एक स्निग्ध पदार्थ चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास तयार व्हायला लागतो आणि ३४-३५ आठवड्यांपर्यंत पुरेसा होतो. त्यामुळे सातव्यातल्या बाळापेक्षा आठव्यातलं बाळ नेहमीच जास्त तयार असतं. अकाली कळा आल्या तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देऊन बाळाची फुप्फुसं लवकर तयार करता येतात, हे १९७२ पासून सिद्ध झालेलं आहे. ‘आठव्यातलं आहे, काही उपयोग नाही’ असं म्हणून कुणी दवाखान्यात न्यायला उशीर करू नये, म्हणून ही समजूत मी लेखात मुद्दाम घेतली नव्हती. आता वाटतं, तिच्यावर वेगळं लिहिलं पाहिजे.

तुमच्या सुनेसाठी एक काम सांगते. तिच्या गोळीच्या पाकिटावरचा आकडा वाचा. आपल्याकडे दुकानात बहुधा पाच मिलिग्रॅमची गोळी हातात ठेवतात. आधी असं बाळ झालेलं नसेल, मधुमेह किंवा फिट्सचं औषध चालू नसेल, तर रोज ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे त्याच्या बाराव्या हिश्शाएवढीच पुरते. घरात शाकाहार असेल तर तिचं बी-१२ ही तपासून घ्या, कारण ते कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर ती कमतरता झाकली जाते. मेथी, पालक, हरभरे, चवळी, शेंगदाणे हे तुम्ही तिला देत असालच, ते चालू ठेवा. भाजी शिजवलेलं पाणी मात्र ओतून देऊ नका, फोलेट त्यातच उतरतं.