फवारणीच्या डब्यात सांबार (कोथिंबीर) लावू नका

‘घरीच पिकवा विषमुक्त भाजी’ नावाचा एक मेसेज सध्या आमच्याकडे ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. वहिनींना तो बचत गटाच्या ग्रुपवर आला. त्यांनी लगेच फवारणीच्या औषधाचे, म्हणजे कीटकनाशकाचे, रिकामे कॅन कापले, माती भरली आणि ओसरीवर सांबार टाकला. मेसेजमध्ये लिहिलंच आहे तसं: ‘कुंडीवर खर्च कशाला? औषधाचे डबे तीन पाण्यांनी धुवा, झाली कुंडी.’

विषमुक्त भाजी, आणि ती विषाच्या डब्यात! हे पुढे पाठवताना एकालाही काही वाटू नये?

तीन पाण्यांनी धुवायचं, एवढं खरं आहे. पण ते धुणं कशासाठी? ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचं आणि डबा निकामी करायचा, यासाठी. कीटकनाशक नियम, 1971 मधला नियम 44 स्पष्ट आहे: रिकामे डबे कुणी पुन्हा वापरू नयेत म्हणून उघड्यावर ठेवायचे नाहीत, फोडून वस्तीपासून लांब पुरायचे. एखादा मोठा कॅन उभा चिरून पाहा. मूठ आतून पोकळ असते, तिथे आणि झाकणाच्या आट्यांत औषधाचा थर बसलेला असतो. कितीही खंगाळा, पाणी तिथवर नीट पोचत नाही. शिवाय प्लास्टिकमध्येही थोडं मुरतंच. पराटीवर (कपाशीवर) मारतो त्यातली कित्येक औषधं आंतरप्रवाही असतात, म्हणजे मुळातून चढून पानात जातात. सांबाराचं आपण पानच खातो, तेही कच्चं.

असं औषध खाण्यात गेलं तर काय होतं, हे पाहायचं तर बिहारमधलं गंडामन गाव आठवा. 16 जुलै 2013 ला तिथल्या शाळेत दुपारचं जेवण जेवून 23 मुलं दगावली. तपासणीत स्वयंपाकाच्या तेलात आणि तेलाच्या डब्यातही मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं. हेच मोनोक्रोटोफॉस आपल्या गावांत वर्षानुवर्षं कपाशीवर मारलं गेलं. भाजीपाल्यावर ते वापरायला तर देशात कधीचीच बंदी आहे. 2017 च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात किती घरं उघडी पडली, हे आपल्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. त्याच जिल्ह्यातली माणसं हा मेसेज पुढे ढकलतात, याचा मला संताप येतो.

मेसेजमधला दुसरा सल्ला: कुंडीत मूठभर मीठ टाका, टमाटे गोड होतात. कुणीतरी एप्सम सॉल्ट ऐकलं आणि घरातलं मीठ समजून बसलं. ते मॅग्नेशियम सल्फेट, हे सोडियम क्लोराइड. मिठाने जमिनीचं काय होतं ते अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातल्या कुणालाही विचारा. वावरातलं मीठ निदान पावसाने थोडं खाली जातं, कुंडीतलं कुठे जाणार?

तिसरा सल्ला: ‘आपली काळी माती सोनं आहे, नुसती तीच भरा.’ वावरात सोनं, कबूल. कुंडीत ती पावसाळ्यात चिखल होऊन मुळं सडवते आणि उन्हाळ्यात आकसून कडेने सुटते. मग घातलेलं पाणी फटीतून थेट खाली. तिच्यात निम्म्या प्रमाणात चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी रेती मिसळा, खाली भोकं पाडा.

वापरलेली चहापत्ती कुंडीत टाका, असंही मेसेजमध्ये आहे. ती चालते, साखर धुऊन टाकली तर. नाहीतर मुंग्या.

कुंडीला पैसे नसतील तर तेलाचा पंधरा किलोचा पिपा, फुटका माठ, धान्याची गोणी, गळकं घमेलं, काहीही घ्या. मेथी-पालकाला वीतभर खोली पुरते, वांग्याला-टमाट्याला हातभर. मे महिन्यात पिपा स्लॅबवर ठेवू नका, पत्रा तापून मुळं भाजतात.

आणि ज्यांनी डब्यात आधीच लावलंय त्यांनी ते खाऊ नका, बकरीलाही घालू नका. माती परसात ओतू नका, कोंबड्या तिथेच उकरतात. हातमोजे घालून सगळं विहिरीपासून, नाल्यापासून लांब खड्ड्यात पुरा. डबा आधी फोडा, म्हणजे कुणी उकरून काढून त्यात पाणी भरणार नाही.