मागणीपत्र कुठंय?

रात्री दहानंतर पुण्यात नवी पेठेतल्या अभ्यासिकांतून पोरं बाहेर पडतात आणि अण्णांच्या टपरीसमोरचा कठडा भरतो. इथं कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही, जिल्ह्यावरून मारतात. परवा लातूर, सोलापूर, सातारा आणि मी होतो. चौघांत तीन कटिंग. विषय नेहमीचाच, एमपीएससीची म्हणजे लोकसेवा आयोगाची अ‍ॅड कधी येणार. लातूर ओपनमधला, वय 37. अडतीस पूर्ण झाली की त्याचं दार बंद.

"वयोमर्यादा वाढवा म्हणून निवेदन द्यायलोय. सही कर," त्यानं कागद पुढं केला.

मी नाही केली. तिथून पेटलं.

"तुला काय रे, एकोणतीसचा तू!"

"2016 ला 33 चे 38 केलेच की," मी म्हणालो. " थांबायला पाच वर्षं जास्त मिळाली. जागा वाढल्या का? खात्यानं रिक्त पदं काढायची, मागासवर्ग कक्षाकडून बिंदुनामावली, म्हणजे कुठलं पद कुठल्या आरक्षणाचं ती यादी, तपासून घ्यायची, मग ही पदं भरा म्हणून आयोगाला मागणीपत्र पाठवायचं. तोवर आयोग जाहिरात काढूच शकत नाही. फाईल पडलीय खात्यात आणि आपण बोंबलतो आयोगाच्या नावानं."

"आयोग काय लई साधू नाही बे," सोलापूर म्हणाला. "2020 ची प्रिलिम आठव."

ती निघाली की कठड्यावर सगळे गप्प होतात. 5 एप्रिल, 26 एप्रिल, 13 सप्टेंबर, 20 सप्टेंबर, 11 ऑक्टोबर, मग 14 मार्च 2021. सोलापूरच्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणावर आतून ह्या तारखा खडूनं लिहिलेल्या आहेत, एकेक खोडलेली. 14 मार्चची तीन दिवस आधी ढकलली, तेव्हा ह्याच शास्त्री रस्त्यावर पोरं बसली होती. शेवटी झाली 21 ला.

"त्यात कोरोना होता, मराठा आरक्षणाची स्थगिती होती," सातारा म्हणाला. "शेवटची तर सरकारच्याच पत्रावरनं ढकलली. सगळं आयोगाच्या माथी कशाला?"

"मी तेच म्हणतोय. कायदाच पाहिजे. दरवर्षी एका ठरलेल्या तारखेला प्रत्येक खात्याचं मागणीपत्र आयोगाकडं गेलंच पाहिजे. नाही गेलं तर त्या खात्याला त्या पदावर कंत्राटी माणूस घेता येणार नाही."

खरी मेख ह्या दुसऱ्या अटीत आहे. खुर्ची रिकामी ठेवून तिच्यावर कंत्राटी माणूस बसवता येतो, म्हणून फाईल हलत नाही. 2023 च्या सप्टेंबरात नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर निघाला, ओरड झाली, ऑक्टोबरात तो रद्द करावा लागला. म्हणजे दुखतं कुठं हे सरकारलाही ठाऊक आहे.

सातारा हसला. "आणि आरं, हा कायदा करणार कोण? ज्यांना इलेक्शनच्या तोंडावर मेगाभरतीची घोषणा करायचीय तेच का? दरवर्षी वेळेवर जागा भरल्या तर घोषणा कशाची करायची?"

ह्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. पण खरा घाव लातूरनं घातला.

"तुझा कायदा यायला तीन वर्षं लागतील. मला अकरा महिने राहिलेत."

अण्णांनी चौथा ग्लास न मागता आणून ठेवला. आम्हाला लातूरकडं बघायला जमेना, म्हणून सगळे चहाकडं बघत बसलो.

मग मीच कागद ओढला. 'वयोमर्यादा सरसकट वाढवावी' ह्यावर काट मारली आणि खाली लिहिलं: 'खात्यानं मागणीपत्र जितके महिने उशिरा पाठवलं, तितके महिने त्या पदासाठी उमेदवाराच्या वयात धरू नयेत.' सही ठोकली.

लातूरनं दोनदा वाचलं. "म्हणजे उशीर त्यांचा, आणि वय माझं थांबणार."

"हां."

"आणि उशीर कुठल्या तारखेपासून मोजायचा? पद रिकामं झालं तेव्हापासून, का मागणीपत्राची मुदत संपली तेव्हापासून?" साताऱ्यानं विचारलं.

सोलापूर म्हणाला रिकामं झालं तेव्हापासून, मी म्हणालो मुदतीपासून. अण्णांनी स्टोव्ह बंद केला तरी ते मिटलं नव्हतं. कागद लातूरकडंच आहे, पेनानं खाडाखोड केलेला.