पूर, वॉकी-टॉकी आणि एक घातक सल्ला

कारेलीबागेत राहणाऱ्या माझ्या आत्याने नुकताच मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश पुढे पाठवला आणि खाली लिहिले, "अरे, हे दोन संच मागवून ठेवू का?" बडोद्यातल्या मराठी कुटुंबांच्या गटांमधून हाच संदेश गेले काही दिवस फिरतो आहे. त्यातला मजकूर थोडक्यात असा: पूर आला आणि मोबाईल बंद पडले तरी घाबरू नका, ऑनलाइन मिळणारा स्वस्त चिनी वॉकी-टॉकी घ्या, तो 50 किलोमीटरपर्यंत चालतो, आपत्तीच्या काळात परवाना लागत नाही, परवाना म्हणजे कागदी सोपस्कार, पोलीस आणि अग्निशमन दल यांच्या फ्रिक्वेन्सीवर थेट बोला, शहरातल्या सगळ्यांनी संदेशात दिलेल्या एकाच फ्रिक्वेन्सीवर संच लावावा आणि मदत मिळेपर्यंत सतत हाका द्याव्यात, हॅम मंडळींच्या (परवाना घेऊन हौसेने रेडिओ केंद्र चालवणाऱ्यांच्या) शिस्तीच्या नादी लागू नये, कारण त्यांचे "नेट" (एका केंद्राच्या नियंत्रणाखाली पाळीपाळीने बोलणे) म्हणजे निव्वळ वेळकाढूपणा.

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली, तेव्हा धोक्याची पातळी 25 फुटांवर होती. सयाजीगंज, फतेहगंज, अकोटा, हरणी या भागांतल्या ज्या लोकांनी ते पाणी घरात पाहिले, त्यांना असा संदेश खरा वाटणे स्वाभाविक आहे. मी स्वतः परवानाधारक हॅम आहे आणि या मजकुराने मला संताप आला, कारण त्यातला सर्वांत ठळक सल्ला जर लोकांनी खरोखर पाळला, तर ज्याला मदतीची सर्वाधिक गरज आहे त्याचाच आवाज सर्वांत आधी दाबला जाईल.

तो सल्ला म्हणजे सगळ्यांनी एका फ्रिक्वेन्सीवर सतत हाका देणे. हातातल्या वॉकी-टॉकीचे बटण दाबलेले असेपर्यंत आपल्याला काहीही ऐकू येत नाही. म्हणजे जो सतत हाका देतो, त्याला उत्तर आलेले कळतच नाही. दुसरे असे की हे संच एफएमवर चालतात, आणि एफएमच्या रिसीव्हरचा स्वभाव असा असतो की एकाच वेळी दोन लहरी आल्या तर तो जोरकस लहरीला धरतो आणि क्षीण लहरीला जवळजवळ पूर्णपणे गाडून टाकतो. दोन्ही लहरी साधारण सारख्या जोराच्या असल्या, तर दोन्ही बोलणी बिघडून फक्त कर्कश आवाज येतो. आता कल्पना करा की उंच इमारतीच्या गच्चीवर नवी बॅटरी लावलेला एक जण "कोणी ऐकतंय का" असे विचारतो आहे, आणि त्याच वेळी तळमजल्यावर पाण्यात अडकलेला, बॅटरी संपत आलेला दुसरा एक जण डायलिसिसवर असलेल्या आईसाठी होडी मागतो आहे. ऐकणाऱ्या प्रत्येकाला गच्चीवरचाच माणूस ऐकू येईल, आणि दुसरा कोणी बोलत होता याची शंकासुद्धा येणार नाही. मोकळे सोडलेले चॅनल गरज ओळखत नाही, ते केवळ सिग्नलचा जोर ओळखते. असा सल्ला बेजबाबदार आहे एवढे म्हणणे पुरेसे नाही. तो जीवघेणा आहे.

ज्याला संदेशात "वेळकाढूपणा" म्हटले आहे, ते नेट नेमके याच कारणासाठी असते. आपत्तीच्या वेळी एक केंद्र नेट कंट्रोल, म्हणजे बोलण्याची पाळी ठरवणारे केंद्र, बनते आणि इतर केंद्रे त्याच्याकडे आपली कॉल साइन (परवान्याबरोबर मिळालेले ओळखचिन्ह), ठिकाण आणि हाती असलेली साधने एकेकदा नोंदवतात. त्यानंतर नेट कंट्रोलने बोलावल्याशिवाय कोणी बोलत नाही. याला एकच अपवाद असतो, तो जिवावरच्या प्रसंगाचा. "इमर्जन्सी" असा शब्द ऐकू आला की इतर सर्व बोलणे तिथल्या तिथे थांबते. त्याखालोखाल क्रम लागतो तो औषधे, होड्या, पिण्याचे पाणी अशा तातडीच्या निरोपांचा, मग नातेवाइकांची खुशाली कळवणाऱ्या निरोपांचा, आणि सर्वांत शेवटी बाकीच्या बोलण्याचा. दोन केंद्रांना आपापसांत लांब बोलायचे असेल तर नेट कंट्रोल त्यांना दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पाठवते, म्हणजे मुख्य वाट मोकळी राहते. एखादे केंद्र, समजा हरणीचे, नेट कंट्रोलला ऐकूच येत नसेल, तर त्या दोघांच्या मधले ज्याला दोघेही ऐकू येतात ते केंद्र निरोप पुढे देते, आणि तो देताना त्यात आपल्या पदरचा एकही शब्द घालत नाही.

या शेवटच्या गोष्टीबद्दल थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण बाहेरच्या माणसाला तीच सर्वांत जास्त खटकते. निरोपाला क्रमांक असतो, वेळ असते, पाठवणारा आणि घेणारा असतो, आणि ऐकणारा तो जसाच्या तसा लिहून घेऊन परत वाचून दाखवतो. आकडे एकेक अंक सुटा करून सांगितले जातात, कारण खरखरीतून येणाऱ्या आवाजात "पंचवीस" आणि "पस्तीस" यांत फरक करणे अवघड असते, आणि होडीत जागा किती लागेल हे त्या आकड्यावर ठरते. चार तोंडांतून गेलेला तोंडी निरोप काय होतो, हे प्रत्येक पुरातल्या अफवांनी आपल्याला पुन्हा पुन्हा दाखवले आहे. लिहिलेला आणि परत वाचलेला निरोप मात्र पाचव्या केंद्रावरही तोच राहतो. यात अर्धे मिनिट जास्त जाते हे खरे, परंतु चुकीच्या गल्लीत पाठवलेली होडी परत आणायला त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो.

"परवाना म्हणजे कागदी सोपस्कार" या वाक्याला मी एका घटनेने उत्तर देतो. डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅमॅच्युअर रेडिओचे पथक पोर्ट ब्लेअरला होते. अंदमानात हॅम केंद्राला अनेक वर्षांनी परवानगी मिळाली होती आणि पथक जगभरातल्या हॅम मंडळींशी संपर्क साधत होते. 26 डिसेंबरला भूकंप झाला, त्सुनामी आली, बेटांचा नेहमीचा संपर्क तुटला. आणि त्याच केंद्राने ते सर्व संपर्क बाजूला ठेवून प्रशासनाचे आणि अडकलेल्या लोकांच्या नातेवाइकांचे निरोप मुख्य भूमीकडे पोहोचवायला सुरुवात केली. ते केंद्र उपयोगी पडले याचे कारण ते आधीपासून परवान्यासह उभे होते, अँटेना चढलेली होती, चालवणाऱ्यांना शिस्त अंगवळणी होती आणि पलीकडे ऐकणाऱ्यांनी ती फ्रिक्वेन्सी मोकळी ठेवली. 26 जानेवारी 2001 च्या कच्छच्या भूकंपातही हॅम चालक निरोपांच्या कामासाठी गेले होते. ते परवानाधारक आणि सरावातले होते, आदल्या दिवशी संच विकत घेतलेले नव्हते.

आता "आपत्तीत परवाना लागत नाही" हा मुद्दा. यात अर्धे सत्य आहे, आणि ते मान्य करणे मला भाग आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमांमधले कलम 4.9 असे सांगते की संकटात सापडलेल्या केंद्राला, किंवा त्याला मदत करणाऱ्या केंद्राला, लक्ष वेधण्यासाठी, आपली अवस्था आणि ठिकाण कळवण्यासाठी आणि मदत मिळवण्यासाठी हाताशी असलेले कोणतेही रेडिओ साधन वापरण्यापासून ते नियम रोखत नाहीत. बुडणाऱ्या माणसाला परवाना विचारावा असे कोणीही म्हणत नाही. परंतु हे कलम संकटाच्या त्या क्षणापुरते आहे. त्याच्या आधाराने पावसाळ्याआधी संच विकत घ्यावा, त्यावर रोज "टेस्टिंग" करावे आणि गल्लीतल्या मुलांच्या हाती द्यावा, असा अर्थ काढणे हा सरळ विपर्यास आहे. शिवाय भारतातले 1978 चे हॅम सेवेचे नियम आपत्तीत इतरांचे निरोप नेण्याची मुभा परवानाधारकांना देतात ती सक्षम नागरी अधिकाऱ्यांकडून आलेल्या आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या निरोपांसाठी. त्यामागचा विचार स्पष्ट आहे: निरोप ज्याच्या हाती होडी, डॉक्टर आणि जेवण आहे, त्याच्यापर्यंत पोहोचला पाहिजे. हवेत सोडलेली हाक जिल्हाधिकारी कचेरीतल्या नियंत्रण कक्षाच्या टेबलावर पोहोचली नाही, तर ती कोणाच्याही उपयोगाची नाही.

पोलीस आणि अग्निशमन दलाच्या फ्रिक्वेन्सीवर बोलण्याच्या सल्ल्याबद्दल दोनच वाक्ये पुरेत. तो गुन्हा आहे. आणि वर सांगितलेला जोरकस लहरीचा नियम तिथेही लागू होतो, म्हणजे तुमच्या हाकेखाली होडीतल्या जवानाचा आवाज गाडला जाऊ शकतो.

50 किलोमीटरचा दावा कुठून आला असावा याचा अंदाज करता येतो. या संचांच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. माणसाने छातीच्या उंचीवर संच धरला तर त्याचे रेडिओ क्षितिज साधारण पाच किलोमीटरवर असते, म्हणजे अशा दोन माणसांमध्ये सपाट मोकळ्या मैदानावर फार तर दहा किलोमीटर. रावपुरा किंवा मांडवीसारख्या दाट वस्तीत, भिंतींच्या आड, दोन-तीन किलोमीटर मिळाले तरी पुष्कळ समजावे. पावागडाच्या माथ्यावर उभे राहिले तर तोच संच 50 किलोमीटर सहज जाईल, आणि जाहिरातीतले आकडे बहुधा अशाच डोंगरावरचे असतात. पुरात अडकलेले लोक डोंगरावर नसतात. बडोद्याहून गांधीनगरपर्यंत थेट निरोप न्यायचा असेल तर दिवसा 7 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी लागतात, ज्या कमी उंचीवर टांगलेल्या तारेतून वर जाऊन आयनावरणावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परत खाली येतात. ते काम हातातला चिनी संच करत नाही.

स्वस्त संचांबद्दल आणखी एक गोष्ट मान्य करतो: 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी शक्तीचे वॉकी-टॉकी भारतात 2018 पासून परवान्याविना वापरता येतात. एकाच सोसायटीतल्या दोन इमारतींमध्ये ते चांगले काम करतात. परंतु ऑनलाइन विकले जाणारे बहुतेक संच केवळ त्या पट्ट्यापुरते नसतात, आणि विक्रेते ही गोष्ट सांगत नसल्यामुळेच 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला वॉकी-टॉकींच्या ऑनलाइन विक्रीसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. वस्तू विकत मिळते म्हणून ती वापरणे कायदेशीर ठरत नाही.

आत्याला मी कळवले की संच मागवू नये. त्या पैशांत चांगली पॉवर बँक घ्यावी, 112 आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हे क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत, आणि फोन लागत नसेल तर एसएमएस करून पाहावा, कारण गर्दीच्या नेटवर्कवर बोलणे होत नसतानाही तो पुष्कळदा जातो. स्वतःच्या कंपनीचा टॉवर बंद असला तर फोनमध्ये नेटवर्क हाताने निवडून पाहावे. जून 2023 च्या बिपरजॉय वादळात दूरसंचार विभागाने कच्छसह काही जिल्ह्यांत कोणत्याही कंपनीच्या टॉवरवरून फोन करण्याची सोय करून दिली होती.

ज्यांना खरोखर रेडिओवर काम करायचे आहे त्यांच्यासाठी वाट उघडी आहे. दूरसंचार विभागाची परीक्षा बारा वर्षांच्या मुलालाही देता येते, रिस्ट्रिक्टेड श्रेणीसाठी मोर्स संकेतही लागत नाहीत, आणि परीक्षेत इलेक्ट्रॉनिक्सच्या प्राथमिक ज्ञानाबरोबर हेच नियम विचारले जातात ज्यांना संदेशात सोपस्कार म्हटले आहे. परवाना हाती आल्यावर पहिले काम म्हणजे कोरड्या दिवसांत नेटवर नियमित हजेरी लावणे आणि बराच काळ फक्त ऐकणे.