फियाट विकणे आहे (चहा मिळणार नाही)

आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. बिल्डरनं महिनाभरात पार्किंग रिकामं करायला सांगितलं आणि तीस वर्षं एकाच खांबाला खेटून उभ्या असलेल्या अप्पांच्या फियाटचं करायचं काय, हा प्रश्न घरात उभा राहिला. फियाट 1100 डिलाइट, 1972 सालची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. हिलाच 1974 पासून पद्मिनी म्हणायला लागले. म्हणजे आमची पद्मिनी नव्हे, पद्मिनीची थोरली बहीण. हे मला आधी ठाऊक नव्हतं. गाडी विकायला काढल्यापासून मला बरंच काही ठाऊक झालंय.

जाहिरात मीच लिहिली : 'व्हिंटेज फियाट, एकहाती वापरलेली, ओरिजिनल, फक्त शौकिनांसाठी.' एवढ्या छोट्या मजकुरात मी तीन चुका केल्या होत्या.

पहिला फोन सकाळी सातला. "व्हिंटेज कशी? व्हिंटेज म्हणजे 1919 ते 1930. तुमची क्लासिक." गाडी घ्यायची आहे का, असं विचारेपर्यंत फोन ठेवलेला. त्यांना घ्यायची नव्हतीच, दुरुस्ती सुचवायची होती. पुण्यात हे काम लोक विनामोबदला करतात. मी 'क्लासिक' केलं, तर दुसऱ्या दिवशी दुसरे गृहस्थ. "क्लासिक काय लिहिता? 2021 च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांपुढची खाजगी गाडी व्हिंटेजच. तशी नोंदणी करून घ्या."

"मग रोज चालवता येईल?"

"छे! रोज रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची. फार तर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला."

पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला! गेली वीस वर्षं ही गाडी दुसरं काय करत होती?

दुसरी चूक 'शौकिनांसाठी'. शौकीन गाडी घेत नाहीत, गाडीत बसतात. एक निवृत्त काका आले. पुढच्या सलग बाकावर बसले, स्टिअरिंगच्या दांडीवरचा गिअर पहिला-दुसरा-तिसरा-चौथा असा टाकून पाहिला, त्रिकोणी काच उघडून बाहेर कोपर काढलं आणि पाऊण तास तसेच बसून राहिले. मधेच म्हणाले, "आम्ही हिच्यात नऊ जण महाबळेश्वरला गेलो होतो." पुढे किती, मागे किती, कोणाच्या मांडीवर कोण आणि आत्याला कुठे उलटी झाली, असा सगळा हिशोब झाला. जाताना डोळे पुसले. भाव विचारला नाही. चहा दोन कप.

आठवडाभरात असे अकरा जण येऊन गेले. बायकोनं दुधाचा रतीब वाढवला आणि मला विचारलं, "आपण गाडी विकतोय की चहा वाटतोय?"

मग आयटीतला एक तरुण आला. त्यानं बोनेटभोवती फिरून फोटो काढले आणि पहिलाच प्रश्न टाकला, "एसी आहे का?"

मी तोंड उघडायच्या आत वरून, गॅलरीतून अप्पांचा आवाज आला, "आहे की! एसी पंप."

तरुण खूश झाला. त्याला कोण सांगणार, की इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाला मेकॅनिक लोक एसी पंप म्हणतात. घाटात हा तापतो, आत पेट्रोलची वाफ होते आणि गाडी जागच्या जागी मान टाकते. मग त्यावर ओलं फडकं घालायचं आणि वाट बघायची. माझं अर्धं बालपण खंबाटकी घाटात त्या फडक्याकडे बघण्यात गेलं. फडकं नसलं की माझा बनियन जायचा. हे सगळं मी सांगणार नव्हतो. अप्पांनी सांगितलं, बनियनसकट. अप्पा आता शहाऐंशी वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं, पण गिऱ्हाईक आलेलं बरोबर ऐकू येतं. तरुण अर्धा चहा टाकून गेला.

खरा माहीतगार आला तो रविवारी. त्यानं खिशातून फ्रीजवर लावतात तसला चुंबकाचा गणपती काढला. पत्रा सडला की पेंटर वरून लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारतात. लांबीला चुंबक चिकटत नाही. दारावर गणपती बसला. मला हायसं वाटलं. डाव्या मडगार्डवर ठेवला, तो हळूहळू घसरत खाली आला आणि माझ्या चपलेवर पडला. उजव्या मडगार्डवर तेच. डिकीच्या कडेला तर त्यानं हात सोडताक्षणी विसर्जन.

"ओरिजिनल लिहिलंय तुम्ही," तो म्हणाला. "कार्बुरेटर मारुतीचा. टेललाइट नंतरच्या पद्मिनीचे. हा आरसा?"

"रिक्षाचा," वरून उत्तर आलं. "नाना पेठेतून आणलाय. फियाटचा मिळेना."

"मग ओरिजिनल काय आहे?"

"मी," अप्पा म्हणाले.

शेवटी कोल्हापूरचा एक गडी तयार झाला. लांबी बघितली, एसी पंप ऐकला, तरी म्हणाला, "चालतंय की! पत्रा आपण घरी ठोकतो." इसार दिला. आता गाडी त्याच्या नावावर करायला फक्त फॉर्म 29 आणि 30 वर अप्पांच्या सह्या. इथे घोडं अडलं. जुन्या कागदांवरची त्यांची सही म्हणजे देखणी चीज : 'द'पासून निघालेली रेघ नावाखालून वळसा घेऊन परत 'ग'च्या पोटात शिरायची. आता हात थरथरतो, शेपूट भलतीकडेच जातं. एजंट म्हणाला, अशी सही चालायची नाही. मग अप्पा सरावाला बसले. कॅलेंडरच्या पाठी, वाण्याची बिलं, रिडेव्हलपमेंटच्या नोटिसा, सगळीकडे सह्या. एकही जमेना. "वय झालं रे," ते म्हणायचे. कोल्हापूरचे फोन सुरूच. बिल्डरचेही.

काल त्यांना हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत घेऊन गेलो. काउंटरवरच्या मुलीनं कागद पुढे केला. मी घाबरत घाबरत म्हटलं, "त्यांच्या सहीचा जरा प्रॉब्लेम आहे..." तोवर अप्पांनी पेन उचललं होतं. 'द', रेघ, वळसा, शेपूट थेट 'ग'च्या पोटात. मुलीनं जुन्या सहीशी ताडून पाहिलं. "आजोबा, अगदी तंतोतंत!"

अप्पांनी माझ्याकडे न बघता पेनाला टोपण लावलं.