मामा, ते दोघं चर्च बघायला गेले नव्हते

नानामामाने काल रात्री साडेअकराला फॅमिली ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. सकाळपर्यंत त्याखाली अकरा नमस्कार जमले होते. मजकूर थोडक्यात असा: रशियाची ‘आरटी’ वाहिनी फक्त दुसरी बाजू दाखवते, बीबीसीही सरकारीच, सत्य झोंबलं म्हणून युरोपने आरटीवर बंदी घातली, तिथले पत्रकार निर्भीड, आणि इंग्लंडमध्ये विषप्रयोगाचा आळ आलेल्या ‘दोन साध्या पर्यटकांवरच्या’ अन्यायाला आरटीनेच वाचा फोडली.

मामा, शेवटापासूनच सुरू करते, कारण तिथेच मला चहाचा ठसका लागला.

४ मार्च २०१८ रोजी इंग्लंडमधल्या सॉल्सबरीत सर्गेई स्क्रिपल हा माजी रशियन हेर आणि त्याची मुलगी एका बाकावर बेशुद्ध सापडले. विष होतं नोविचोक, मज्जासंस्थेवर घाला घालणारं. सप्टेंबरमध्ये आरटीच्या मुख्य संपादक मार्गारिटा सिमोन्यान यांनी दोन्ही संशयितांची मुलाखत घेतली. हे दोघं म्हणे चर्चचा १२३ मीटर उंच मनोरा पाहायला गेले होते. विषप्रयोगाच्या आदल्या दिवशी बर्फाचा चिखल फार, म्हणून परत फिरले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. मॉस्कोहून आलेली माणसं, बर्फाला भ्यायली! चेरापुंजीच्या माणसाने रत्नागिरीची सर बघून छत्री शोधावी, तसं हे. पुढे बेलिंगकॅट या शोधपत्रकारांच्या गटाने त्यांची खरी नावं शोधून काढली: अनातोली चेपिगा आणि अलेक्झांडर मिश्किन, दोघंही रशियन लष्करी गुप्तचर खात्यातले. आणि डॉन स्टर्जेस नावाची बाई त्याच विषाने मेली. जोडीदाराने नकळत दिलेली, आत तेच विष असलेली अत्तराची बाटली तिने मनगटावर फवारली होती. फॉरवर्डमध्ये ती कुठेच नाही.

ब्रिटनच्या ऑफकॉम या प्रसारण नियामकाने २०१८ च्या मार्च-एप्रिलमधले आरटीचे सात कार्यक्रम तपासले, त्यातले बहुतेक स्क्रिपल आणि सीरियाबद्दलचे. निःपक्षपातीपणाचा नियम मोडला म्हणून २ लाख पौंड दंड झाला. आरटी कोर्टात गेली आणि हरली. ब्रिटनच्या नियमात आपली बाजू मांडायला मनाई नाही, समोरच्याची अजिबात न मांडण्याला आहे. ‘दुसरी बाजू’वाल्यांनी हे जरा वाचावं.

बीबीसीही सरकारी? बरं, अर्धं खरं आहे. वर्ल्ड सर्व्हिसला ब्रिटिश परराष्ट्र खात्याचा पैसा मिळतो. अमेरिकेचं रेडिओ फ्री युरोप तर कित्येक वर्षं सीआयएच्या छुप्या पैशावर चाललं, तेही घ्या. पण १९५६ मध्ये इजिप्तच्या सुएझवर ब्रिटनचाच हल्ला चालू असताना बीबीसीने विरोधी पक्षनेते गेटस्केल यांचं युद्धविरोधी भाषण प्रसारित केलं आणि पंतप्रधान ईडन संतापले. युक्रेन युद्धात पुतिनविरोधी भाषण आरटीवर असं लागलेलं दाखव, मी मेसेज स्वतः पुढे पाठवते. सिमोन्यानबाईंनी तर २०१२ मध्येच ‘कोमेर्सांत’ या रशियन वृत्तपत्राला सांगितलं होतं की देशाला संरक्षण मंत्रालय लागतं, तशीच ही वाहिनी लागते. हे माझे शब्द नाहीत.

युरोपची २०२२ ची बंदी मलाही पटत नाही. निर्बंधांच्या यादीत घालून वाहिनी बंद करण्यापेक्षा ऑफकॉमसारखी कार्यक्रमागणिक चौकशी बरी. पण ती युक्रेनवर हल्ला झाल्यानंतर, आठवड्याभरात आली. सत्य झोंबायला बरोबर तोच मुहूर्त सापडला का?

राहिलं ‘तिथले पत्रकार निर्भीड’. खरंय, काही होते. मार्च २०१४ मध्ये लिझ वॉल यांनी बातम्या देता देताच राजीनामा दिला. जुलैमध्ये मलेशियन विमान पाडल्याच्या आरटीवरच्या बातम्या पाहून सारा फर्थ नोकरी सोडून गेल्या.